डॉक्टर मोबाईलमध्ये आणायला किती पैसे लागतात?

साडेचार लाख, तेरा लाख ऐंशी हजार आणि साठ हजार. एकाच कामासाठी आलेली ही तीन कोटेशनं बरेच दिवस माझ्या टेबलावर पडून होती. काम असं: पिंपळगाव बसवंत आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या पेशंटला मोबाईलवर डॉक्टर दाखवणारं अ‍ॅप. साडेचार लाखांचं कोटेशन नाशिकच्या एका कंपनीचं, तेरा लाख ऐंशी हजारांचं पुण्याच्या. साठ हजारवाला एक तरुण मुलगा होता. तो एका परदेशी साइटवरून तयार कोड विकत घेणार, त्यावर आमचं नाव आणि हिरवा रंग चढवणार आणि पंधरा दिवसांत अ‍ॅप हातात ठेवणार. हिरवा रंग त्याने स्वतःहून सुचवला होता. आम्ही मागितला नव्हता.

पैसा कुणाचा, ते आधी सांगतो. आमच्या मोहल्ल्यात एक छोटा ट्रस्ट आहे. मुलांच्या फिया, कुणाच्या ऑपरेशनला हातभार, मय्यतीचं सामान असली कामं तो करतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत या ट्रस्टने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले होते आणि ते घरोघरी फिरवले होते, जात-धर्म न विचारता. तेव्हापासून लोकांचा विश्वास वाढला आणि देणग्याही. आरोग्याच्या कामासाठी म्हणून बाजूला काढलेले पाच लाख ऐंशी हजार रुपये बँकेत होते. पहिल्याच बैठकीत हाजीसाबनी एक गोष्ट स्पष्ट केली, की यात जकातीचा एक रुपयाही येणार नाही. जकात गरजूच्या हातात, त्याच्या मालकीची होऊन पडावी लागते, तिच्यातून सॉफ्टवेअर कंपनीचं बिल भागवता येत नाही. म्हणजे हे सगळे लिल्लाहचे, ऐच्छिक देणगीचे पैसे. त्यात कांदा व्यापाऱ्याचे पन्नास हजार होते, तसे द्राक्षाच्या पॅकिंगला जाणाऱ्या बायकांचे वीस-वीस रुपयेही होते. अ‍ॅपची कल्पना माझ्या चुलतभावाची. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी पुण्यात आठ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली आणि आता घरूनच काम करतो, म्हणून कोटेशनं तपासायची फाईल माझ्याकडे आली.

कल्पना वाईट नव्हती. पिंपळगावात दवाखाने कमी नाहीत. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं बाजारपेठेचं गाव, टोमॅटो-कांद्याचे लिलाव, द्राक्षाचे व्यापारी. ताप-खोकल्याला डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे. अडतं ते पुढच्या डॉक्टरांसाठी. जुनी शुगर, थायरॉइड, हृदय, मानसिक आजार यासाठी तीस किलोमीटरवर नाशिकला जावं लागतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं २०२३ च्या मार्चपासून, त्यामुळे प्रवासखर्च पूर्वीइतका जड राहिला नाही. जड पडते ती बुडणारी मजुरी. छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडून टोळ्यांनी मजूर येतात. त्यातली बाई डॉक्टरसाठी नाशिकला गेली की तिचा दिवस गेला, सोबत आलेल्या माणसाचाही गेला, आणि तिथे 'रिपोर्ट घेऊन परवा या' असं ऐकलं की आणखी एक दिवस गेला. शुगरच्या पेशंटला दर दीड-दोन महिन्यांनी दाखवायचं असतं. त्यातल्या निम्म्या भेटी फोनवर झाल्या तरी पुष्कळ वाचतं. चुलतभावाचं म्हणणं हेच होतं आणि ते खरं होतं.

मग मी कोटेशनं उघडली.

अशा कामात लोकांना वाटतं की मोठा खर्च व्हिडिओचा असेल. तसं नाही. अगोरा नावाच्या एका कंपनीचा जाहीर दर मी पाहिला: हजार मिनिटांना ३.९९ डॉलर, आणि महिन्याला पहिली दहा हजार मिनिटं फुकट. मिनिटं माणसांगणिक मोजतात. म्हणजे डॉक्टर आणि पेशंट दहा मिनिटं बोलले तर वीस मिनिटं लागली. त्या हिशोबाने महिन्याच्या पहिल्या पाचशे भेटी फुकटात जातात, आणि पुढे डॉलर ८८ रुपये धरला तर एका भेटीला सात रुपये पडतात. चहा-बिस्किटाएवढा खर्च. स्वतःच्या सर्व्हरवर करायचं म्हटलं तर वेबआरटीसी नावाचं तंत्र फुकट उपलब्ध आहे. फक्त मोबाईल कंपन्यांच्या जाळ्यात एका फोनला दुसऱ्या फोनचा थेट पत्ता पुष्कळदा सापडत नाही, मग मधे एक सर्व्हर ठेवून दोघांचं चित्र-आवाज त्याच्यामार्फत पुढे ढकलावं लागतं. त्याचा डेटाखर्च आणखी कमी, भेटीमागे रुपयाच्या आत. पण तो सर्व्हर संध्याकाळी सात वाजता बंद पडला तर तो कोण उठवणार, याची ओळ तीनपैकी एकाही कोटेशनमध्ये नव्हती.

पैसा जातो तो वेगळ्याच जागी. आपण 'एक अ‍ॅप' म्हणतो, पण ती तीन असतात. एक पेशंटचं, एक डॉक्टरचं, आणि एक ऑफिसात बसून वेळा लावणाऱ्या, पैसे परत करणाऱ्या, चुकलेली नावं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं. साठ हजारांत पहिलं मिळत होतं, दुसरं मोडकंतोडकं, आणि तिसरं इंग्रजीत. नाशिकच्या कंपनीने तिन्ही धरली होती, पण टेस्टिंगला आठ दिवस. मी ते काम आयुष्यभर केलंय. आठ दिवसांत फक्त आपल्या गल्लीतले फोन तपासून होतात. आमच्या लोकांच्या हातात चार-पाच वर्षांपूर्वीचे, काच तडकलेले, मेमरी भरून वाहणारे फोन असतात. त्यावर व्हिडिओ चालू असताना कुणाचा कॉल आला की काय होतं, बॅटरी दहा टक्क्यांवर आली की काय होतं, हे बघायला महिना लागतो. पुण्याच्या कंपनीने दीड महिना धरला होता. त्यांचा आकडा मोठा होता, पण तीनपैकी सर्वांत प्रामाणिक कागद तोच होता.

आणि मग मराठी. मराठीला पैसे लागतात, हे मला या फाईलने शिकवलं. तिन्ही कोटेशनांत 'मराठी भाषा' अशी एक ओळ होती, म्हणजे बटणांवरची नावं मराठीत. त्याच्या पुढचं ऐका. पेशंटला आदल्या दिवशी आठवणीचा एसएमएस पाठवायचा होता. चुलतभावाने मजकूर लिहिला: 'उद्या सायंकाळी ५ वाजता डॉक्टरांची वेळ आहे. फोन सुरू ठेवा. न जमल्यास कळवा.' सुटसुटीत वाक्यं आहेत. पण इंग्रजी लिपीतला एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीतला ७० चिन्हांचा, आणि काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार, मधली मोकळी जागा हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. मी मोजलं. हा मजकूर ७३ चिन्हांचा आहे. तीन चिन्हांपायी दोन एसएमएसचे पैसे. 'न जमल्यास कळवा' काढून टाका, असा सल्ला कंपनीच्या मुलाने दिला. मी म्हटलं, नेमकं तेच वाक्य लागणार आहे. एका एसएमएसला वीस पैशांच्या आसपास पडतात, त्यामुळे रक्कम काही मोठी नाही. पण मजकुरातला एक शब्द बदलायचा म्हटलं तरी टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी नोंदणीत तो साचा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो. ट्रायच्या २०१८ च्या नियमांपासून ही पद्धत आली. नोंदणीची फी वेगळी, आणि हे करत बसणाऱ्या माणसाचे तास वेगळे.

प्रिस्क्रिप्शनची पीडीएफ याहून वाईट. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच पीडीएफ तयार करणाऱ्या साधनांना देवनागरी जोडता येत नाही. ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी यायचा तो नंतर येतो, जोडाक्षरं फुटून हलन्त उघडे पडतात. साठ हजारवाल्याच्या नमुन्यात 'दिवसातून दोनदा' हे 'दविसातून' असं छापून आलं होतं. वाचणारा समजून घेईल म्हणा. पण औषधाच्या कागदावर अंदाजाने वाचायची वेळ कुणावर का यावी? हे दुरुस्त करायला चांगल्या प्रोग्रामरचे चार-पाच दिवस जातात. मग आमचे लोक घरात दखनी बोलतात, वाचतात मराठी, वडीलधाऱ्यांपैकी काही फक्त उर्दू. उर्दू उजवीकडून डावीकडे. मी तो विषय बैठकीत काढलाच नाही, हाजीसाबनी तिथेच चष्मा काढून ठेवला असता.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो स्वस्तात उरकता येतो असा समज आहे. भारतात फोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम २५ मार्च २०२० ला आले, देशभर लॉकडाउन लागला त्याच सुमारास. त्यात औषधांच्या याद्या आहेत. काही औषधं कुठल्याही पद्धतीच्या सल्ल्यावर लिहिता येतात, काहींना पहिल्या भेटीत व्हिडिओ लागतो, काही फक्त जुन्या पेशंटला आधीच्या औषधात भर म्हणून, आणि नशेच्या कायद्याखालची औषधं अजिबात नाहीत. अ‍ॅप चालवणाऱ्याने प्रत्येक डॉक्टरचं नाव, शिक्षण आणि नोंदणी क्रमांक दाखवायचा, तक्रारीची सोय ठेवायची, आणि यंत्राकडून सल्ला किंवा औषध द्यायचं नाही, हेही त्यात आहे. युनानी आणि आयुर्वेदाच्या डॉक्टरांसाठी त्यानंतर वेगळे नियम निघाले. आमच्याकडे मालेगावच्या तिब्बिया कॉलेजातून शिकलेले डॉक्टर आहेत, लोकांचा त्यांच्यावर जीव आहे. पण त्यांना आणि एमडी डॉक्टरांना एकाच यादीत, एकाच प्रिस्क्रिप्शनच्या साच्यात बसवता येत नाही. म्हणजे आणखी काम, आणखी पैसे. माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले. माहिती नीट न सांभाळल्याबद्दल त्यात जास्तीत जास्त २५० कोटींपर्यंत दंड सांगितला आहे. पाच लाख ऐंशी हजारवाल्या ट्रस्टला तो आकडा विनोदी वाटतो, पण बायकांच्या तपासणीची माहिती आमच्या सर्व्हरवरून फुटली तर दंडाच्या आधी आमची मोहल्ल्यातली इज्जत जाईल, हे सगळ्यांना कळत होतं.

प्ले स्टोअरची फी एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलची दरवर्षी ९९. हे किरकोळ. जीएसटीचं मात्र कुणी बोलत नाही. सॉफ्टवेअर करून घेतलं की १८ टक्के. व्यापारी माणूस तो पुढे आपल्या विक्रीतून वळता करून घेतो. डॉक्टरी सेवेवर जीएसटी माफ आहे, त्यामुळे वळता करायला जागाच नाही. साडेचार लाखांवरचे ८१ हजार सरळ खर्चात. एकूण ५ लाख ३१ हजार. फंडात उरतात ४९ हजार.

या टप्प्यावर बैठकीत एक द्राक्ष बागायतदार होते. आमचे शेजारी, ट्रस्टला दरवर्षी देणगी देतात, सगळे त्यांना दादा म्हणतात. इतका वेळ गप्प होते. त्यांनी विचारलं, "भाऊ, तुम्ही मांडवाचा खर्च सांगितला. छाटणीचा कुठंय?"

पिंपळगावात याहून सोपं उदाहरण नाही. बाग लावताना अँगल, तारा, ड्रिप, रोपं यांचा खर्च डोळ्यांत भरतो. पण बाग खाते ती दरवर्षी. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, डिपिंग, डाउनी आणि भुरीच्या फवारण्या, मजुरी. एक वर्ष हात आखडला की पुढचं वर्ष गेलं. अ‍ॅपचंही तसंच आहे. गुगल दरवर्षी नव्या अँड्रॉइडप्रमाणे अ‍ॅप अद्ययावत करायला लावतं. तसं केलं नाही तर काही काळाने नव्या फोनवाल्यांना ते स्टोअरमध्ये दिसेनासं होतं. देखभालीला बांधकामाच्या पंधरा-वीस टक्के धरतात, म्हणजे नव्वद हजार. सर्व्हर आणि सुरक्षित साठवण, छत्तीस हजार. एसएमएस वगैरे दहा. फोन उचलायला, वेळा लावायला एक माणूस, महिना बारा हजारांनी १ लाख ४४ हजार. डॉक्टर फुकट बसणार नाहीत, बसूही नयेत. आठवड्याला दोन संध्याकाळी, एका बैठकीचे दोन हजार, वर्षाचे २ लाख ८ हजार. बेरीज ४ लाख ८८ हजार, म्हणजे महिन्याला चाळीस हजारांच्या वर. आणि हातात ४९ हजार. अ‍ॅप तयार झाल्यावर ते सव्वा महिना चाललं असतं.

चुलतभावाचं उत्तर तयार होतं: पेशंट वाढले की पैसे येतील. "भाईजान, स्केल झालं की कॉस्ट खाली येते." मोठ्या कंपन्यांचं गणित हेच असतं. शहरात लाखो लोक, ऑफिसांशी करार, विमा, औषधांची आणि लॅबची विक्री, त्यातून डॉक्टरच्या भेटीचा तोटा भरून निघतो. आम्हाला औषधं विकायची नव्हती. आणि जो पेशंट आमच्यासमोर होता त्याला डॉक्टरशी बोलायला अ‍ॅप लागतच नव्हतं, त्याच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप आहे. २०२० च्या नियमांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्लाही चालतो असं स्पष्ट म्हटलंय. आमची स्पर्धा फुकटाशी होती.

तरी मी म्हटलं, एकदा करून बघू. साठ हजारवाल्याने नमुना अ‍ॅप दिलं होतं. नाशिकच्या एक निवृत्त एमडी डॉक्टरबाई प्रयोगाला तयार झाल्या. पेशंट म्हणून माझी फुप्पी. ती गावाबाहेरच्या वस्तीत राहते, चौदा वर्षांची शुगर, पायाला मुंग्या येतात, डाव्या टाचेला भेग.

पहिल्या दिवशी प्रयोग ओटीपीवरच थांबला. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो नातवाकडे. नातू बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट भरायला जातो. आम्ही माझ्या फोनवर अ‍ॅप उघडून फुप्पीचा म्हणून नोंदवलेला नंबर टाकला, ओटीपी गेला लिलावात उभ्या असलेल्या नातवाच्या खिशात. त्याने दोन तासांनी फोन करून विचारलं, "मामू, ये कायका नंबर आया?" दुसऱ्या दिवशी तो घरी असताना बसलो. कॅमेऱ्याची परवानगी, माइकची परवानगी, लोकेशनची परवानगी, सगळ्या पाट्या इंग्रजीत. मग व्हिडिओ लागला आणि डॉक्टरबाईंना पाच मिनिटं आमच्या घराचा पंखा दिसत राहिला, कारण फुप्पीने फोन मांडीवर आडवा ठेवला होता. त्यांनी टाच दाखवायला सांगितली. नऊ वॅटच्या बल्बखाली टाचेची भेग आणि टाचेवरची माती एकसारखी दिसते. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "कुणीतरी हात लावून सांगा, दुसऱ्या पायापेक्षा हा पाय गरम लागतोय का? कडेला दाबल्यावर दुखतंय का?" नातवाने हात लावला. गरम होता. त्या म्हणाल्या, उद्याच सर्जनला दाखवा, थांबू नका. दाखवलं, आणि पाय वाचला, अलहमदुलिल्लाह. चुलतभाऊ याला अ‍ॅपचा विजय म्हणतो. मला त्यात नातवाचा हात दिसतो.

फोन बंद झाल्यावर फुप्पीने विचारलं, "ये सब भरके रखते क्या किधर? मेरा पाँव किसकू दिखींगा?" मी तिला सांगितलं, व्हिडिओ साठवत नाहीत. सांगताना माझ्या लक्षात होतं की साठ हजारवाल्याच्या कोडमध्ये काय साठतं आणि कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जातं, याचा कागद मी दोनदा मागूनही आलेला नव्हता. साठ हजारांचं कोटेशन त्या रात्री मी फाईलमधून काढून टाकलं.

आता सरकारकडे बघू. ई-संजीवनी ही केंद्र सरकारची टेलिमेडिसिन सेवा मोहालीच्या सी-डॅकने बांधली. २०१९ च्या नोव्हेंबरात ती आरोग्य केंद्रांसाठी सुरू झाली, आणि १३ एप्रिल २०२० पासून घरबसल्या पेशंटला थेट डॉक्टरशी बोलण्याची ओपीडी आली. पेशंटला एक पैसा पडत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत तिने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. मला या आकड्याच्या आतली गोष्ट महत्त्वाची वाटते. यातले बहुतेक सल्ले घरून केलेल्या फोनचे नाहीत. ते आरोग्यवर्धिनी केंद्रात बसून झालेले आहेत, जिथे पेशंटच्या शेजारी समुदाय आरोग्य अधिकारी असतो, बीपी घेतो, लक्षणं टाइप करतो आणि पलीकडच्या डॉक्टरला सांगतो. महाराष्ट्रात या अधिकाऱ्यांमध्ये बरेच जण स्वतः बीएएमएस आहेत. इंटेलिहेल्थ नावाच्या संस्थेने ओपनएमआरएस या मुक्त प्रणालीवर अशीच व्यवस्था बांधली आहे, तिचा कोड कुणीही फुकट घेऊ शकतो, आणि आपल्याच जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात तिचं काम झालेलं आहे. तिथेही फोन आरोग्यसेविकेच्या हातात असतो. म्हणजे सॉफ्टवेअर बांधून पडलंय, एकदा सरकारने आणि एकदा संस्थांनी. आमच्या मोहल्ल्यात नव्हता तो शेजारी बसणारा माणूस, आणि त्याचा पगार कुठल्याच कोटेशनमध्ये धरलेला नव्हता.

मी कमिटीला दोन पानांचा हिशोब लिहून दिला. मदरशाच्या शेजारची ट्रस्टची खोली रिकामी आहे, भाडं नाही. टॅबलेट, बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर, वजनकाटा मिळून २७ हजार, एकदाच. नर्सिंग शिकलेली मोहल्ल्यातलीच एक मुलगी, महिना बारा हजार. डॉक्टरबाईंच्या आठवड्याला दोन बैठका, वर वर्षाचे २ लाख ८ हजार धरलेत तेच. शुगरच्या पट्ट्यांना वर्षाला तीस हजार, इंटरनेटला सहा. पहिल्या वर्षी ४ लाख १५ हजार. फंड सतरा महिने पुरतो. साध्या आजाराला ई-संजीवनी लावायची, जुन्या शुगर-बीपीला आमच्या डॉक्टरबाई. प्रिस्क्रिप्शन त्या हाताने लिहितात, नाव आणि नोंदणी क्रमांकाच्या कागदावर, आणि फोटो पाठवतात. त्यात इकार जागच्या जागी असतो.

हे स्वस्त आहे असं मी म्हणणार नाही. एका संध्याकाळी बारा पेशंट धरले तर एका भेटीमागे ट्रस्टला ३३० रुपयांच्या वर पडतात. पेशंटकडून आम्ही पन्नास घेतो, नसतील तर तेही नाही. दादांनी हिशोब पाहून एवढंच म्हटलं, "हां, आता छाटणी दिसली."

चुलतभाऊ नाराज झाला. महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. त्याचं म्हणणं असं, की मी पैसे वाचवले नाहीत, फक्त गोष्ट लहान करून टाकली. सतरा महिन्यांनी खोलीला कुलूप लागेल आणि मागे काही उरणार नाही. अ‍ॅप असतं तर ते दुसऱ्या गावाने उचललं असतं. यातलं पहिलं वाक्य मला पटत नाही. दुसऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आणि एका बाबतीत तो चक्क बरोबर निघाला. पहिल्या तीन महिन्यांत रजिस्टरमध्ये 'सहा आठवड्यांनी परत' असं लिहिलेले पुष्कळ पेशंट परत आलेच नाहीत. कागदाचं रजिस्टर कुणाला हाक मारत नाही. कोण चुकलं हे शोधायला पानं उलटावी लागायची, आणि गर्दीच्या संध्याकाळी ती कुणी उलटत नव्हतं. त्याने दोन रविवार बसून टॅबलेटवर एक साधी यादी करून दिली. रोज सकाळी ती दाखवते की आज कुणाची तारीख आहे आणि काल कोण चुकलं. नाव, फोन, तारीख, बस. आजाराचं नाव त्यात घालायचं नाही, असं आम्ही ठरवलं. त्याला पुढे एसएमएस जोडायचे होते, त्या ७३ चिन्हांच्या मजकुराचे. मुलगीच म्हणाली, नको, मी फोन करते. फोन केला की सुनेला विचारता येतं, गोळ्या खरंच आणल्या की अजून चिठ्ठी फ्रिजवरच आहे. एसएमएसला कुणी उत्तर देत नाही. ती सकाळी तासभर फोन करते, निम्मे दखनीत, निम्मे मराठीत, आणि सुरगाण्याकडच्या मजूर बायकांशी कोकणीतले चार शब्द शिकून घेऊन.

आता तिने पगार पंधरा हजार मागितलाय. ओझरच्या एका दवाखान्यात तिला तेवढे मिळतात, आणि जायला-यायला बस आहे. चौथा महिना संपतोय. आत्तापासून तीन हजार वाढवले तर फंड सतराऐवजी सोळा महिन्यांत संपतो. कमिटीतल्या दोघांचं मत आहे की थोडं थांबावं, दुसरी मुलगी मिळेल. रविवारी असरनंतर बैठक आहे. पगार वाढवावा, असं मी लिहून ठेवलंय आणि हिशोबाच्या कागदावर सोळा हा आकडा आधीच घातलाय.